दोन, थांबून एक

१

सुहास ओव्हाळांनी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने बेचाळिसावी रेघ ओढली आणि ते पुन्हा स्टुलाशी येऊन बसले. बेचाळीस वेळा रेकॉर्ड लावून झाली होती. बेचाळीस वेळा ती शेवटपर्यंत वाजली, सुई आतल्या मोकळ्या चरीत भरकन सरकली, थाळीखालच्या नखाएवढ्या पट्टीने आपलं काम केलं, पुढचा खटका 'खट्' करून मागे आला आणि मशीन आपणहून थांबलं. एकदाही चुकलं नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने पेढे वाटले असते. पन्नास वर्षांचं जुनं रेकॉर्ड प्लेअर, त्यातलं आपोआप थांबण्याचं यंत्र म्हणजे भल्याभल्यांना रडवणारं प्रकरण. आतलं ग्रीस वाळून डिंक होतं, पट्टी अडकते आणि मग रेकॉर्ड संपली तरी थाळी आपली फिरतच राहते. मळवलीपासून लोणावळ्यापर्यंतच्या बंगलेवाल्यांची असली मशीनं सुहासभाऊंनी ठीक करून दिली होती. तळेगावच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्सला काढलेला माणूस तो. पण स्वतःच्या घरातल्या या मशीनचा प्रत्येक 'खट्' त्यांना नकोसा वाटत होता, कारण हे मशीन त्यांना बिघडलेलं हवं होतं.

काय ते आधीच सांगितलेलं बरं. गेल्या जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी, त्यांची बायको शालन याच मागच्या खोलीत वारली. एकटी गेली. सुहासभाऊ तेव्हा पुढच्या पडवीत, वीस पावलांवर, कामाला बसलेले होते. मुलीला, अमृताला, त्यांनी फोनवर सांगितलं, "रेकॉर्ड संपली, पण मशीन थांबलंच नाही गं. खट् वाजलंच नाही. वाजलं असतं तर मी आत आलोच असतो." मग तेच भाजे गावातल्या भावकीला सांगितलं आणि तेच कारखान्यातल्या सोबत्यांना. सगळे म्हणाले, मशीनच ते, त्याला कोण काय करणार. तेव्हापासून सुहासभाऊ त्या मशीनमधला बिघाड शोधत होते.

येत्या रविवारी शालनचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. अमृता शनिवारी पुण्याहून यायची होती. आईची लाडकी रेकॉर्ड माणसं जमायच्या आधी एकदा लावायची, असं तिने सांगून ठेवलं होतं. म्हणजे हातात पाच दिवस होते. मशीन निर्दोष ठरलं तर दोष कुठे जाणार, हे उघड होतं. त्या दुपारी घरात तिसरं कोणी नव्हतं.

२

शालन आजारी पडायच्या आधीची एक गोष्ट इथे सांगायला हवी.

ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू-सासरे होते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तर होतंच, पण वडीलधाऱ्यांसमोर 'अहो' म्हणायचीही चोरी. मग नवऱ्याला बोलवायचं कसं? शालनने यावर तोड काढली. दाराच्या चौकटीवर हातातली बांगडी वाजवायची. दोन, आणि थांबून एक. सासूला कित्येक वर्षं वाटत होतं, सुनेला चालताना चौकट दिसत नाही. पुढे सासू-सासरे गेले, बोलायला कुणाची आडकाठी उरली नाही, तरी शालनची चौकट सुटली नाही. जेवायला बोलवायचं असो की गॅस संपल्याचं सांगायचं असो, दोन, थांबून एक. अमृता लहानपणी म्हणायची, "आईची तार आली बघा, बाबा."

दोन वर्षांपूर्वी शालनची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यात बांगड्या उतरवल्या त्या उतरवल्याच. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत, पण हात काही उचलत नसे. अमृताने बॅटरीवरची बेल आणून उशाशी ठेवली, तर बाईने ती बोटांनी ढकलून ढकलून तीनदा पलंगाखाली पाडली. नवऱ्याला बेल मारून बोलवायचं म्हणजे काय!

मग सुहासभाऊंनी रेकॉर्ड प्लेअर तिच्या डाव्या हाताशी स्टुलावर आणून ठेवला. एका जुन्या गायन पार्टीची बुद्ध-भीमगीतांची रेकॉर्ड तिला जिवापलीकडे आवडायची. एक बाजू वाजायला वीस मिनिटं लागत. ती संपली की खट् होई, पुढे पडवीत सुहासभाऊंना ऐकू जाई आणि ते उठून आत येत. रेकॉर्ड उलटायची, शालनला कुशीवर वळवायचं, दोन चमचे पाणी द्यायचं, की पुन्हा वीस मिनिटं ते आपल्या कामाला मोकळे. असं वर्षभर चाललं. त्या खट्वर त्या बाईचा सगळा दिवस टांगलेला होता.

अमृताला ही सोय इतकी पसंत पडली की ती म्हणाली, "बाबा, तुम्ही इंजिनिअर व्हायला हवं होतं." सुहासभाऊ त्यावर खूप दिवस खूश होते.

३

त्रेचाळिसावी रेघ ओढायची राहिली.

रेकॉर्ड वाजत ठेवून सुहासभाऊ पडवीत आले होते. खट् इथवर नीट ऐकू येतो का, तेही तपासायला नको का? वेळ दुपारी अडीचची. शेजारपाजार वावरात गेलेला, विसापूरच्या कड्यावर उन्हाचा पांढरा पट्टा, रुळांवर काही नाही. वीस मिनिटांनी आतून खट् आला. खणखणीत. सुहासभाऊंनी मान खाली घातली.

मग पुन्हा आवाज आला. खट्-खट्.

पेन्सिल हातात धरून ते बसून राहिले. आणखी काही येतंय का म्हणून कान लागला होता, पण काही आलं नाही. आत जाऊन पाहिलं तर थाळी थांबलेली आणि सुई रेकॉर्डच्या मधोमध टेकलेली, सगळं जागच्या जागी. फक्त पुढचा खटका अर्ध्यावर होता.

आता, हा खटका अर्ध्यावर राहूच शकत नाही. त्याच्यामागे स्प्रिंग आहे, ती त्याला चालू किंवा बंद अशा दोन्हीपैकी एका बाजूला ओढतेच. अर्ध्यावर तो राहील तो कुणी बोटाने धरून ठेवला तरच. सुहासभाऊंनी त्याला हात लावायच्या आतच तो मागे आला. त्यांनी याआधी एकदाच हा खटका असा अर्ध्यावर पाहिला होता, आणि ते आठवायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं.

"स्प्रिंग गेली," ते मोठ्याने म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं, तरी म्हणाले. बिघाड सापडला म्हणून त्यांना आनंद व्हायला हवा होता.

बुधवारी त्यांनी स्प्रिंग बदलली. मागे टाकून दिलेल्या एका मशीनमधली, कडक आणि चांगली. पट्टी पेट्रोलने धुतली, थाळी दोन बोटांवर फिरवून पाहिली. दुपारी अडीचच्या पुढे पुन्हा खट्-खट् आलं. त्यांनी वायर भिंतीतून काढून ठेवली. अर्ध्या तासाने पुन्हा आलं. वीज नसताना मोटर फिरत नाही, पण खटक्याला विजेचं काय काम? बोट लावलं तर तो कधीही वाजणारच. बोट लावलं तर. हे वाक्य मनात पूर्ण व्हायच्या आत सुहासभाऊ मशीन उचलून पडवीत घेऊन आले.

भूत हा शब्द त्या घरात चालत नसे. छपन्न साली आजोबांनी देव्हारा इंद्रायणीत सोडला तेव्हा देवांबरोबर भुतंही वाहून गेली, असं वडील सांगायचे आणि हसायचे. गावात कुणाच्या अंगात आलं की सुहासभाऊ सरळ म्हणत, डॉक्टरला दाखवा. असल्या माणसाला भीती वाटली तर ती सांगायलाही जागा नसते.

त्यांनी मशीन टेबलावर उलटं करून उघडलं. खटका काढून बशीत ठेवला. आता वाजायला काही शिल्लक नव्हतं. त्यांनी चहा केला, तो प्याले आणि बशीतल्या खटक्याकडे बघत राहिले.

मागच्या खोलीतून आवाज आला. खट्-खट्.

तिथे आता काय होतं? पलंग अमृताने गेल्या मार्चमध्ये देऊन टाकला होता. फरशीवर त्याच्या चार पायांचे चार पिवळे डाग होते. खिडकीशी घडी करून ठेवलेली गोधडी होती, आणि मशीन उचलून नेल्यामुळे मोकळं झालेलं स्टूल. स्टुलावर धूळ होती आणि धुळीत मशीनच्या चार रबरी पायांच्या खुणा होत्या. त्या खुणांकडे बघत सुहासभाऊ किती वेळ उभे होते, कुणास ठाऊक. तिसरा आवाज यायचा राहिलाय असं त्यांना सारखं वाटत होतं. कसला तिसरा, असं त्यांनी स्वतःला विचारलं नाही. काखेत कळसा असला की माणूस गावाला वळसा घालतो तो असा.

त्यांनी मशीन पुन्हा जोडलं आणि जागेवर नेऊन ठेवलं.

४

गुरुवारी सकाळी नंदाबाई रविवारच्या जेवणासाठी तांदूळ निवडायला आल्या. नंदाबाई म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरातल्या. शालन अंथरुणाला खिळल्यावर रोज सकाळी येऊन तिला अंघोळ घालायच्या आणि विंचरून द्यायच्या. घरची सूनसुद्धा इतकं करत नाही. सूप मांडीवर घेऊन त्या पडवीत बसल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या,

"भाऊ, येक इचारू का? वरीस झालं, मनात हाय. त्या दिशी वयनींना काय हवं हुतं?"

"कुठल्या दिवशी?"

"त्या गेल्या त्या दिशी. मी दुपारच्याला वावरातनं चाललेते, ह्या मागच्या खिडकीखालनं. आतनं वयनी तुमास्नी बोलवत हुत्या न्हवं. दोन, आन् थांबून येक. मला लय नवल वाटलं. म्हनलं, बाईच्या हातात बांगड्या न्हाईत, मंग वाजवतीया कशानं? हासू बी आलं. मरायला टेकली पर जुनी खोड जाईना."

सुहासभाऊंच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"मी कुंपनापाशी उभीच राह्यले जरा," नंदाबाई खडे वेचत म्हणाल्या. "तीनदा वाजवलं त्यांनी. दोन, थांबून येक. दोन, थांबून येक. मंग शेवटच्या वक्ताला दोन वाजलं आन् येक वाजलंच न्हाई. म्हनलं, भाऊ पोचलं. मनून मी वळून आले न्हाई. तुमी हायसा घरी, माजं काय काम."

सुपात तांदूळ सळसळत होते.

"पोचलावता न्हवं तुमी?"

"हो," सुहासभाऊ म्हणाले. "गेलो होतो की."

"पानी मागितलं आसंल."

"हो. पाणीच."

"चांगलं झालं बाई. तोंडात पानी पडलं," नंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. मग उठून सूप घेऊन त्या परसात गेल्या. सुहासभाऊ तिथेच बसून राहिले. दुपारी जेवायचंही त्यांना सुचलं नाही.

५

संध्याकाळी कैलास आला. हा एका बंगल्यावर राखणदार आहे. टेम्पोतून त्याने गोधडीत गुंडाळलेलं एक मशीन उतरवलं.

"भाऊ, पुन्यांदा आडलंय. शनवारी मुंबईची पाव्हनी येनार हायेत, साहेब म्हनलं गानी लागली पायजेत. तुमालाच म्हाईत ह्याची नाडी. गेल्या साली तुमीच केलतं न्हवं?"

गेल्या वर्षी तेच केलं होतं. याच महिन्यात, याच टेबलावर, त्या मंगळवारी. सुहासभाऊंना नको म्हणायचं होतं. पण कैलास मशीन ठेवून, पाणी पिऊन, शनिवारी सकाळी न्यायला येतो म्हणून गेलासुद्धा.

शुक्रवारी दुपारी ते त्या मशीनला बसले. हाताला काम असलं की डोक्याला जरा विसावा मिळतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. थाळीखाली, जिथे ती पट्टी असते, तिथे केसाएवढ्या तारेची एक बारकी स्प्रिंग बसवायची असते. चिमट्यात धरून, श्वास रोखून, एका टोकाला अडकवायची आणि दुसरं टोक ताणून न्यायचं. मध्येच सोडली तर ती उडते आणि मग झाडू घेऊन शोधली तरी सापडत नाही. असं काम हातात असताना घराला आग लागली तरी उठायचं नाही, हे सुहासभाऊंनी कारखान्यात पोरांना शिकवलं होतं. त्यांना त्याचा अभिमान होता.

त्या मंगळवारीही चिमट्यात हीच स्प्रिंग होती.

आणि आवाज आला होता. आता इथे खोटं बोलून उपयोग नाही. रेकॉर्ड संपल्यावरचा खट् त्यांना स्वच्छ ऐकू आला होता. हे टोक बसवतो आणि उठतो, असं ते म्हणाले होते. मग आतून खट्-खट्, थांबून खट्. ते त्यांनी ऐकलं आणि कारागिराच्या कानाने ऐकलं. खटका घसरतोय, त्यांना वाटलं. मागची स्प्रिंग ढिली झाली असणार, संध्याकाळी बघू. पुन्हा वाजलं. हो, ढिलीच आहे. पुन्हा वाजलं. चाळीस वर्षं ती हाक ओळखणाऱ्या माणसाला ती मशीनमधून आल्याबरोबर बिघाड वाटली. त्या शेवटच्या वेळी दोनच वाजले आणि तिसरा आला नाही, तेव्हा ते मनात म्हणाले होते, बरं झालं, थांबलं एकदाचं.

चार वाजता चहा घेऊन ते आत गेले. शालनचं डावं बोट खटक्यावर होतं आणि खटका अर्ध्यावर. त्यांनी ते बोट उचललं. खटका मागे आला. हात गोधडीखाली नीट ठेवला, थाळी थांबलीच नव्हती असं दिसावं म्हणून ती एकदा हाताने फिरवली आणि मग ते लोकांना हाका मारायला बाहेर धावले.

हे सगळं त्यांनी आज, चिमटा हातात धरून, पहिल्यांदा सरळ रेषेत आठवलं. एक टोक अडकलं होतं, दुसरं ताणत आणलं होतं, केसाचं अंतर राहिलं होतं.

खट्-खट्.

सुहासभाऊंनी चिमटा सोडला. स्प्रिंग कुठेतरी उडाली. खुर्ची मागे पडली, गुडघा टेबलाला लागला, आणि चौसष्ट वर्षांचा तो माणूस वीस पावलांचं अंतर धावत गेला. 'थांबून' या एका शब्दात जेवढा वेळ मावतो, तेवढाच त्यांच्याजवळ होता.

ते उंबऱ्यावर पोहोचले तेव्हा खटका हलत होता.

स्प्रिंगने हललेली वस्तू कशी हलते, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ती झटक्यात हलते. हा खटका तसा हलत नव्हता. तो कुणीतरी ढकलत होतं. थोडा पुढे येत होता, थांबत होता, दम घेतल्यासारखा थरथरत होता, पुन्हा थोडा पुढे येत होता. समोर पलंग नव्हता, फरशीवरचे चार डाग होते, आणि त्या चार डागांच्या मध्ये जेवढ्या उंचीवर एखाद्या आडव्या माणसाचा हात यावा, बरोबर तेवढ्या उंचीवरून ते चाललं होतं. खटका अर्ध्यावर आला. तिथे थांबला.

रागाने कुणी बोलावत नव्हतं, हे त्यांना कळलं, आणि त्यानेच त्यांचं काळीज फाटलं. तिच्याकडे अजून तीच दुपार चालली होती. तिला अजून पाणीच हवं होतं.

"आलो," सुहासभाऊ म्हणाले. "शालन, आलो गं."

दोन पावलं पुढे जायचं होतं. बोटाखाली बोट धरायचं होतं. त्यांना ते करता आलं नाही. ते काय आहे हे कळल्यावरही त्यांना भीती वाटत होती. बायकोची भीती. याची लाज त्यांना पुढे जन्मभर वाटणार होती.

खटका सावकाश मागे गेला. आवाज झाला नाही.

६

त्यानंतर त्या खोलीतून काही आलं नाही. शुक्रवारची रात्र गेली, शनिवार गेला. अमृता आली, तिने फरशी पुसली, आईच्या फोटोला हार आणला. सुहासभाऊ जेवले, बोलले, मांडववाल्याला खुर्च्या किती ते सांगितलं. बंगल्याचं मशीन टेबलावर उघडंच पडून होतं. कैलासला त्यांनी फोन करून सांगितलं, "नाही जमलं रे. स्प्रिंग हरवली."

रविवारी सकाळी, माणसं यायला तासभर असताना, अमृताने रेकॉर्ड काढली. मागच्या खोलीत बापलेक स्टुलापाशी खाली बसले. अमृताने फडक्याने रेकॉर्ड पुसली, खटका पुढे केला आणि सुई ठेवली. पेटी वाजली, ढोलकी वाजली, त्या जुन्या पार्टीतल्या बायकांचा आवाज खोलीत भरला. अमृता रडली. सुहासभाऊंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. वीस मिनिटं दोघं तसेच बसले.

गाणं संपलं. सुई आतल्या मोकळ्या चरीत सरकली.

खस्… खस्… खस्…

थाळी फिरत राहिली. सुहासभाऊंनी मान वर केली. आठवड्याभरात बेचाळीस वेळा न चुकलेलं मशीन थांबत नव्हतं. एक मिनिट झालं, दोन झाली. सुई शेवटच्या चरीत गोल गोल फिरत होती आणि खटका पुढेच होता.

"बाबा," अमृता हळूच म्हणाली, "हे असंच झालं होतं ना? तुम्ही म्हणायचात तसंच."

सुहासभाऊ मशीनकडे बघत राहिले. वर्षभर हाच बिघाड त्यांनी शोधला होता. आणि आज, मुलीच्या डोळ्यांदेखत, तो हजर होता. शालनचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं. सासऱ्यांच्या रागासमोर, कारखान्यातल्या मेमोसमोर, भावकीतल्या भांडणात, दर वेळी ती नवऱ्याची बाजू सावरून घ्यायची. आताही तिने सावरून घेतलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. अमृताने तो शब्द जवळजवळ त्यांच्या तोंडात ठेवला होता.

"नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"त्या दिवशी वाजलं होतं. मला ऐकू आलं होतं."

अमृताने त्यांच्या हाताखालून आपली पाठ काढून घेतली. रेकॉर्ड फिरत होती. मग तिने विचारलं, "कसं वाजलं होतं?"

सुहासभाऊंना सांगायचं होतं, की मी काम करत होतो, मला वाटलं खटका घसरतोय. त्याऐवजी त्यांनी हात पुढे केला आणि स्टुलाच्या कडेवर बोटाने वाजवून दाखवलं. दोन.

अमृताचा चेहरा पडला. तिला लगेच कळलं. ती हाक ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. ती तिसऱ्याची वाट बघू लागली. सुहासभाऊंनी बोट उचललं, पण ते काही खाली येईना. हात हवेत तसाच राहिला.

खट्.

खटका मागे आला. थाळीचा वेग मंदावला, दोन फेरे झाले, आणि ती थांबली.

अमृताने मशीनकडे पाहिलं, मग बापाच्या हाताकडे. तो अजून वरच होता. तिने तो धरून खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. दोघंही मशीनकडे बघत बसले, पण पुन्हा काही वाजलं नाही.

बाहेर चपला काढल्याचे आवाज आले. पडवीतून नंदाबाईंनी विचारलं, "भाऊ, पान्याचा हंडा कुटं ठिवू?"

"इकडे आण, नंदाबाई," सुहासभाऊ म्हणाले. "आत आण."